अख्तरबानूंना गाडी लागते

भवानी पेठेत लाकडाच्या वखारींच्या मागे एक गॅरेज आहे. त्याच्यावर नावाचा बोर्ड नाही, पण भिंतीवर ऑइलपेंटने ठळक सूचना लिहिलेली आहे: ‘घरची माणसं आणल्याशिवाय शेवटचा नट आवळला जाणार नाही. माणसं एकमेकांशी बोलत नसली तरी चालतील.’ अक्षर धम्मदीपचं. तो तिथला दुसरा मेकॅनिक. हट्ट मात्र दादामियाँचा.

दादामियाँ बासष्ट वर्षांचे. त्यातली चाळीस वर्षं गाडीखाली गेली, तीही स्वखुशीने. इंजिनाला ते हात लावत नाहीत. वरचं काम धम्मदीपचं, खालचं आपलं, अशी वाटणी गेली पंधरा वर्षं सुखाने चालली आहे. खालचं म्हणजे शॉकअप, बुश, आर्म आणि सगळ्यांत लाडका तो स्टॅबिलायझर. गाडीच्या पुढच्या दोन चाकांच्या मधोमध एक जाड सळई आडवी टाकलेली असते. तिच्या दोन टोकांना वीतभर लांबीचे दोन लिंक रॉड, आणि सळईला धरून ठेवायला रबराचे दोन बुश. वळणावर गाडी एका अंगावर कलायला लागली, की ही सळई स्वतः पिळवटून घेते आणि गाडीला सरळ धरते. गाडी नवी असते तोवर हिची कुणाला आठवण नसते. गाडी पंधरा-वीस वर्षांची झाली, रबर वाळलं, लिंकचे गोळे ढिले झाले, की मग खड्ड्यात कटकट आणि वळणावर झोकांड्या. असं गिऱ्हाईक आलं, की दादामियाँ हातातला चहा अर्धा टाकून उठतात.

आता त्या पाटीबद्दल. बाविसाव्या वर्षी दादामियाँनी पहिल्यांदा एका गाडीचे बुश बदलले. गाडी जॅकवर, चाकं हवेत लोंबकळत, आणि यांनी सगळे नट गच्च आवळून टाकले. आठव्या दिवशी गिऱ्हाईक परत आलं. म्हणालं, “आपण गाडी दुरुस्त केलीत की तिला बोलायला शिकवलंत?” गाडी प्रत्येक गतिरोधकाला कुईकुई करत होती. दादामियाँच्या उस्तादांनी तेव्हा पोराला समजावलं, की गाडी लटकत असताना रबर आवळलं तर ते पिळलेल्या अवस्थेत अडकतं. मग चाकं खाली टेकली की ते जन्मभर कण्हत राहतं. आधी सगळे नट सैल लाव, चाकं जमिनीला टेकव, गाडीला तिच्या वजनावर नीट बसू दे, आणि मग आवळ.

हे दादामियाँनी इतकं मनावर घेतलं, की उस्तादांच्याही चार पावलं पुढे गेले. गाडी रिकामी कुठे फिरते? तिच्यात माणसं असतात. मग माणसं बसवूनच आवळायला हवं! या प्रकाराला ते ‘बैठक’ म्हणतात. कारखान्यातल्या इंजिनियरला विचारलं तर तो हसेल. पण दादामियाँच्या हाताखालून गेलेली गाडी कुईकुई करत नाही, हेही खरंच आहे, आणि तेवढ्यावर पेठेतली माणसं गप बसतात.

गप म्हणजे पुण्यात जेवढी बसतील तेवढी. श्रीनिवासराव म्हणून एक निवृत्त प्राध्यापक आहेत. एकवीस वर्षांची गाडी ते अजून जपून वापरतात. मागच्या महिन्यात त्यांची डावी लिंक गेली.

“डावी गेली असं आपण म्हणता, मग डावीच बदला,” ते म्हणाले. “उजवीने काय गुन्हा केला?”

“साहेब, एका पायात नवी चप्पल आणि एका पायात जुनी घालून बघा. मग सांगा.”

“घालतो. घरात तेवढाच विरंगुळा.”

बदलल्या मात्र दोन्ही. मग दादामियाँ म्हणाले, “आता घरच्यांना बोलवा.” श्रीनिवासरावांनी चष्मा सावरून भिंतीवरची पाटी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. “आमच्या घरात माणसं तीन आणि मतं पाच आहेत. मतांना कुठे बसवू?”

“डिकीत,” दादामियाँ गाडीखालून म्हणाले.

पत्नी आली, सासूबाई आल्या, आपापल्या जागी बसल्या. आणि ती तिघं पुढची दहा मिनिटं एका जागी निमूट बसली, हे श्रीनिवासराव आजही लोकांना सांगतात.

अशा शेकडो बैठका दादामियाँनी घेतल्या. एकच बैठक कधी झाली नाही, ती त्यांच्या स्वतःच्या घरची. कारण अख्तरबानूंना गाडी लागते.

अख्तरबानू म्हणजे त्यांची बायको. कसबा पेठेत जन्मल्या, कसबा पेठेतच चार गल्ल्या ओलांडून सासरी आल्या. वरातही चालतच आली. लहानपणी एकदा एसटीत बसून घाटातून गेल्या होत्या, ती आठवण निघाली की आजही त्या डोळे मिटून घेतात. मंडई, डॉक्टर, नातेवाईक, दर्गा, सगळं पायाखालचं. लेक शाइस्ता पोटात असताना बाळंतपणाला दवाखान्यात गेल्या त्याही चालत, मध्ये दोनदा पायरीवर बसून. घराजवळ आता मेट्रोचं स्टेशन झालंय, पण ते जमिनीखाली. “जमिनीखाली जायला मला अजून वेळ आहे,” असं म्हणून त्यांनी तो विषयही संपवला.

त्यांच्या घरात दखनी आणि मराठी एकाच ताटात वाढलेली असते, त्यामुळे कुठला शब्द कुणाचा हे कुणी विचारत नाही. शाइस्ता ही त्यांची एकुलती एक लेक. मराठी शाळेत शिकवते. तिचा नवरा तालिब बँकेत आहे. दोघांनी वर्षापूर्वी वारज्यात फ्लॅट घेतला. दर रविवारी ती मुलीला घेऊन माहेरी येते. संध्याकाळी तालिब गल्लीच्या तोंडाशी कार उभी करतो आणि खालून ओरडतो, “गाडी लागली!” वर अख्तरबानू पोट धरतात. “त्याला सांग, दुसरा काहीतरी शब्द वापर. मला नुसतं ऐकून लागते.”

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग मिसबाचा दिवस जवळ आला.

मिसबा ही शाइस्ताची मुलगी. मूल चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं, की त्याची बिस्मिल्लाह करायची, म्हणजे पहिलं अक्षर गिरवायचं, अशी त्यांच्याकडे रीत आहे. अख्तरबानूंच्या माहेरी त्यात आणखी एक भर: ते पहिलं अक्षर, अलिफ, काढताना मुलाचं बोट नानीने धरायचं. अख्तरबानूंचं बोट त्यांच्या नानीने धरलं होतं, शाइस्ताचं अख्तरबानूंच्या अम्मीने. मिसबाचे चार-चार-चार येत्या रविवारी भरत होते. समारंभ वारज्यातच करावा लागणार होता, कारण तालिबची आई चाकांच्या खुर्चीवर असते आणि कसब्यातला तो अंधारा, उभा जिना तिला चढवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

“मी चालत येते,” अख्तरबानू म्हणाल्या. “पहाटे फजरची नमाज झाली की निघते.”

“अम्मी, डॉक्टरांनी गुडघ्याबद्दल काय सांगितलंय?”

“डॉक्टर काय, घरी बसून सांगतात.”

“मग मी व्हिडिओ कॉल लावते ना. तू तिथून बघ.”

“बघेन. बोट कसं धरू?”

तेवढ्यात मिसबाने सरळ विचारलं, “नानी, तुला आमचं घर आवडत नाही का?” अख्तरबानूंनी तिला जवळ घेतलं, कानशिलावर बोटं मोडली आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. दादामियाँनी ते पाहिलं. त्या रात्री ते धड जेवले नाहीत.

खरं म्हणजे त्यांच्याकडेही एक गाडी होती. निळी, छोटी, बावीस वर्षांची. सुटे भाग आणायला नाना पेठेत जायचं, अडकलेल्या गिऱ्हाइकाकडे धावायचं, यासाठी नऊ वर्षांपूर्वी घेतलेली. घेतली त्याच आठवड्यात त्यांनी बायकोला छातीठोकपणे सांगितलं होतं, “माझ्या गाडीत नाही लागणार तुला. माझा शब्द.” आणि अख्तरबानू त्या शब्दावर बसल्या होत्या. नवी साडी नेसून, खिडकीत कोपर टेकवून. सारसबागेच्या वळणावर त्यांनी गाडी थांबवायला लावली, कडेला बसून पोट रिकामं केलं, तोंड धुतलं आणि तिथून चालत घरी गेल्या. नवऱ्याला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं दादामियाँना नऊ वर्षं वाटत होतं.

सोमवारी धम्मदीपची दुचाकी पंक्चर होती म्हणून तो निळी गाडी घेऊन नाना पेठेत गेला. परत आला तो किल्ली टेबलावर आपटून उभा राहिला.

“चाचा, ही गाडी आहे की पाळणा?”

“का? काय वाजतंय?”

“वाजत काहीच नाही. वळली की लोळते नुसती. तुम्ही चालवता कशी?”

दादामियाँना प्रश्नच कळेना. ते म्हणाले, चल, मीच चालवून बघतो. धम्मदीप शेजारी बसला आणि वखारींना वळसा घालताना त्याने पाहिलं ते असं: उजवं वळण आलं की दादामियाँ उजवीकडे झुकत, डावं आलं की डावीकडे. सायकलवाल्यासारखे. नऊ वर्षांत अंगवळणी पडलेलं, त्यांना स्वतःला पत्ताही नाही.

“चाचा, तुम्हीच या गाडीचे स्टॅबिलायझर झालात,” धम्मदीप म्हणाला.

गाडी जॅकवर चढली. दादामियाँ टॉर्च घेऊन खाली सरकले आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत. धम्मदीपने वाकून पाहिलं. म्हातारा पाठीवर पडून वर बघत होता.

लिंक रॉड नव्हतेच. डावाही नाही, उजवाही नाही. सळईची दोन्ही टोकं हवेत मोकळी. नसलेली वस्तू वाजणार कशी?

मग सगळं आठवलं. नऊ वर्षांपूर्वीचा शनिवार. हिंमतराव नावाचं एक सासवडकडचं गिऱ्हाईक, दुसऱ्या दिवशी मुलीचं लग्न, आणि नेमके लिंक रॉड तुटलेले. दुकानं बंद. गाडी याच बनावटीची. दादामियाँनी मागचा-पुढचा विचार न करता आपल्या गाडीचे लिंक रॉड काढून त्याला बसवून दिले आणि स्वतःला सांगितलं, सोमवारी नवे घालू. मधल्या रविवारी ते बायकोला घेऊन सारसबागेला निघाले होते. तो सोमवार काही उजाडला नाही. दुसऱ्यांच्या गाड्या रांगेत, आपली काय, चालतेय ना.

“म्हणजे तिच्या पोटाचा दोष नव्हता,” ते गाडीखालून म्हणाले. “माझ्या गाडीचा होता.”

“थोडा चाचींच्या पोटाचाही असेल,” धम्मदीप म्हणाला. तो खोटं बोलून कुणाची समजूत घालत नाही.

“असेल. पण मी शब्द दिला होता ना रे!” आणि हे म्हणताना दादामियाँना चक्क हसू आलं. नऊ वर्षं जी गोष्ट बायकोच्या नशिबात लिहिलेली समजत होते, ती पान्याने दुरुस्त होण्यातली निघाली होती. याहून चांगली बातमी मेकॅनिकला कोण देणार?

मंगळवारी ते स्वतः नाना पेठेत गेले. लिंक रॉडची जोडी घेतली. बुश घेताना दुकानदाराने एक पुढे केला, तो त्यांनी परत सारला. सळई मोजून आणली होती, आणि हा मिलिमीटरभर मोठा होता. एवढासा सैल बुश आठ दिवसांत खडखडतो. दुकानदार म्हणाला, “दादामियाँ, आज फार चोखंदळ?” ते म्हणाले, “आज घरचं गिऱ्हाईक आहे.”

जुने बुश निघाले ते बिस्किटासारखे तुकड्यातुकड्यांनी. सळईवर गंज चढला होता, तो त्यांनी ब्रशने घासून, पॉलिश पेपर मारून काढला. धम्मदीप सवयीने ग्रीसचा डबा घेऊन आला, तसे ते खेकसले. ग्रीसने रबर फुगतं, सडतं. साबणाच्या पाण्याचा हात लावून त्यांनी नवे बुश सळईवर सरकवले, लिंक रॉड अडकवले, नट हाताने सैल लावले. चाकं चढली, गाडी जमिनीला टेकली. आणि दादामियाँ स्वतःच्याच पाटीसमोर येऊन अडले.

रात्री त्यांनी घरी विषय काढला. लिंकचं काही सांगितलं नाही. नऊ वर्षांची चूक कबूल करायला माणसाला थोडी तयारी लागते. नुसतं म्हणाले, “बानू, उद्या जरा गॅरेजवर येऊन गाडीत बसशील?”

“उभ्या गाडीतसुद्धा मला मळमळतं.”

“पाच मिनिटं.”

“गाडीला नजर लागली असेल तर मिरच्या ओवाळा. मला नका ओवाळू.”

“बरं, तुझं वजन तरी किती ते सांग.”

अख्तरबानूंनी कणकेचा हात तसाच ठेवून नवऱ्याकडे असं पाहिलं, की दादामियाँ अंथरूण घालायला निघून गेले.

म्हणून बुधवारी चाचींच्या जागी पोती बसवायचं ठरलं. “चाची किती किलोच्या?” धम्मदीपने विचारलं.

“पंचेचाळीस,” दादामियाँ क्षणाचाही विचार न करता म्हणाले.

धम्मदीपने पंधरा वर्षं त्या बाईच्या हातची बिर्याणी खाल्ली होती आणि तिला ईदेच्या ईदेला पाहिलं होतं. “चाचा,” तो जपून म्हणाला, “ही तुमच्या निकाहच्या दिवशीची चाची झाली.”

“मग? तीच आहे ना अजून!”

ही चूक वजनकाटा करणार नाही, शेजारी करणार नाही. ती नवराच करू शकतो. धम्मदीपने पुढे वाद घातला नाही. घरात भरायलाच आणलेलं पंचवीस किलोचं तांदळाचं पोतं आणि वीस किलोचं गव्हाचं, अशी दोन पोती पुढच्या सीटवर बसली, वरून पट्टाही लावला. धम्मदीपने खडूने त्यांच्यावर लिहिलं: ‘चाची १’, ‘चाची २’. तो स्वतः चाचांच्या जागी बसला. दादामियाँनी नट आवळले. मग ते स्टिअरिंगवर आणि धम्मदीप मागच्या सीटवर, अशी फेरी मारली. वळणावर गाडी आता मुळीच लोळत नव्हती. दादामियाँच सवयीने झुकत होते आणि धम्मदीप त्यांना दंडाला धरून सरळ करत होता. पण वखारीच्या कोपऱ्यावरच्या गतिरोधकाला डाव्या बाजूने बारीकसा आवाज आला. कुर्र.

“हे मला ऐकूच आलं नाही,” धम्मदीप म्हणाला.

“तिला येईल,” दादामियाँ म्हणाले. संध्याकाळी ते पोती रिक्षात टाकून घरी घेऊन गेले आणि तोंड पाडून बसले. खडू पुसायचं राहून गेलं.

अख्तरबानू तांदूळ डब्यात ओतायला गेल्या. आतून हाक आली. “अहो, ही चाची एक कोण?”

दादामियाँनी सगळं सांगितलं. हिंमतराव, शनिवार, न उजाडलेला सोमवार, पाळणा, पोती. सांगता सांगता त्यांचा आवाज लहान झाला. “तुझ्या पोटाला मी नऊ वर्षं नावं ठेवली, बानू. चूक माझी होती.”

अख्तरबानूंनी दोन्ही पोत्यांकडे पाहिलं. “दोन्ही मिळून किती?”

“पंचेचाळीस.”

“मी? पंचेचाळीस?”

“हो. का?”

आणि अख्तरबानू जमिनीवर बसून हसायला लागल्या. पदर तोंडात कोंबून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “पंचेचाळीसमध्ये तर माझा एक पाय बसेल!” दादामियाँ आधी गोंधळले, मग तेही हसू लागले. समोरच्या घरातून कुणीतरी खिडकी उघडून पाहिलं. हसू आवरल्यावर अख्तरबानूंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, “उद्या येते. पण गाडी उभीच पाहिजे. आणि किल्ली माझ्या हातात.”

गुरुवारी अकरा वाजता त्या आल्या. कसब्यातून भवानी पेठेत, चालत, डबा घेऊन. धम्मदीपने सीट झटकली आणि तो स्वतः चाचांच्या जागी बसला. अख्तरबानू चप्पल बाहेर काढून गाडीत बसल्या, घरात शिराव्या तशा. किल्ली मुठीत घट्ट. त्या बसल्यावर गाडी बोटभर खाली गेली, आणि धम्मदीपने शहाणपणाने दुसरीकडे पाहिलं.

दादामियाँ खाली सरकले. सगळे नट त्यांनी परत सैल केले. रबराने एक सुस्कारा टाकला आणि ते आपल्या जागी बसलं. असं दादामियाँ सांगतात. आपण तिथे नव्हतो.

“बानू, नीट बस. रोज बसतेस तशी.”

“मी कुठे रोज बसते?”

“मग बसणार आहेस तशी बस.”

गाडी किंचित हलली. खिडकीत कोपर टेकवल्यावर हलते तेवढी. दादामियाँनी पान्याला जोर दिला, डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा, आणि बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर ग्रीस होतं आणि चेहरा ईदच्या चंद्राकडे बघणाऱ्या माणसाचा झाला होता.

“झालं?” अख्तरबानूंनी विचारलं. “एवढंच?”

“एवढंच. नऊ वर्षं लागली.”

“मळमळलं नाही,” त्या म्हणाल्या, आणि घाईघाईने पुढे जोडलं, “उभी आहे म्हणून.”

रविवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी निळी गाडी उभी राहिली. खालून ओरडायचं नाही, अशी सक्त ताकीद होती, म्हणून दादामियाँ जिना चढून वर आले आणि हळूच म्हणाले, “चल.” अख्तरबानूंनी एका हातात लिंबू घेतलं, दुसऱ्या हातात पिशवी, कनवटीला आवळासुपारी. ओठ हलत होते. दादामियाँचेही हलत होते.

शनिवारवाड्याच्या पुढे त्यांनी लिंबू हुंगलं. पूल ओलांडताना डोळे मिटले. नंतरच्या वळणावर दादामियाँनी जीव मुठीत धरून स्टिअरिंग फिरवलं. गाडी सपाट, ताटासारखी, वळून सरळ झाली. अख्तरबानूंनी एक डोळा उघडला.

“वळलो?”

“वळलो.”

“मला कळलं कसं नाही?”

दादामियाँनी समोरच्या सिग्नलला गाडी अगदी अलगद थांबवली. कर्वे रोडवर दुसरा डोळाही उघडला. डोक्यावरून मेट्रो गेली, ती त्यांनी मान वाकडी करून शेवटच्या डब्यापर्यंत पाहिली. कोथरूड आल्यावर त्या बोलायला लागल्या: एवढी दुकानं, एवढे मिठाईवाले, आणि लोक साड्या घ्यायला लक्ष्मी रोडला का येतात मग? वारज्याच्या अलीकडे एक गतिरोधक दादामियाँना दिसलाच नाही, गाडी धाडकन त्यावरून गेली. दोघांनी कान टवकारले. कुर्र नाही, कटकट नाही. लिंबू पायाशी पडलं होतं, ते अख्तरबानूंनी उचललंच नाही.

इमारतीच्या फाटकात शाइस्ता उभी होती. हातात लिंबू-मिठाचं पाणी, ओला नॅपकिन आणि दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या. शेजारी चकाकत्या गोटा-किनारीची ओढणी पायात येत असलेली मिसबा. गाडी थांबली तशी शाइस्ता धावत खिडकीशी आली. “अम्मी! गाडी लागली का?”

अख्तरबानूंनी दार उघडलं. एक पाय खाली ठेवला, मग दुसरा. इमारतीकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं, मग निळ्या गाडीच्या टपावर हात ठेवला.

“लागली ना,” त्या म्हणाल्या. “ही काय, तुझ्या दारात लागली.”

शाइस्ताला क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा ती हसली, आणि तिच्या हातातलं लिंबू-मिठाचं पाणी सगळं नॅपकिनवर सांडलं.

वर मिसबाची पाटी तयार होती. तालिबची आई खुर्चीत टेकून बसली होती. अख्तरबानूंनी नातीला मांडीवर घेतलं, तिचं बोट धरलं आणि पाटीवर अलिफ काढला, वरून खाली एक उभी रेघ. मिसबाला घाई फार, त्यामुळे रेघ थोडी डावीकडे गेली.

“कलली,” दादामियाँ मागून म्हणाले. “लिंक बघायला हवी.”

“कलू दे,” अख्तरबानू म्हणाल्या. त्यांनी बोट सोडलं नव्हतं. “बोट मी धरलंय.”

संध्याकाळी निघताना शाइस्ताने पुन्हा पिशवी पुढे केली, ती त्यांनी परत दिली. गाडीत बसल्या, पट्टा स्वतः लावला, खिडकीत कोपर टेकवलं. दादामियाँनी किल्ली फिरवली.

“आलो तसंच जाऊ ना, कर्वे रोडने?”

“नको,” अख्तरबानू म्हणाल्या. “सारसबागेवरून घ्या. ते वळण राहिलंय.”